लाल डावीकडे

"ढोल कुठाय?" सासऱ्यांनी विचारलं.

जावयाने गाडीच्या डेककडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि शेवटी सीटखाली पाहिलं, जणू ढोल तिथे घरंगळत गेला असावा. डेकमध्ये कॅसेट फिरत होती. क्लॅरिनेट गळा काढत होती, झांजा खळखळत होत्या आणि ट्रंपेट तर सगळ्यांच्या डोक्यावर उभं राहून वाजत होतं. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या ढोलाचा तेवढा पत्ता नव्हता.

"असेल की, बाबा. बारीक वाजतोय."

"ढोल बारीक वाजत नसतो, जावईबापू. बारीक वाजतो तो तुमचा नळ."

जावई प्लंबर होता. वीस वर्षं त्याने लोकांच्या घरातलं पाणी जिथल्या तिथे ठेवलं होतं आणि एकदा त्याने बंद केलेली गळती पुन्हा उघडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. पण सासऱ्यांच्या लेखी हा काही हुनर नव्हे. ज्यातून आवाज निघत नाही ते काम कसलं, असं त्यांचं मत. ते स्वतः कारखान्याच्या बँडात तीस वर्षं मोठा ढोल वाजवून निवृत्त झालेले. बँडात त्यांना सगळे दणक्या म्हणत.

दणक्याचा जिवाभावाचा दोस्त म्हणजे ट्रंपेटवाला फुंक्या. दोघांचा डबा एक, बाक एक, सायकल एक. एकाने पायडल मारायचं, दुसऱ्याने मागे बसून वाद्यं सांभाळायची. मग ती स्पर्धा आली. शेवटच्या मार्चच्या अखेरीस सगळ्या बँडने गप्प व्हायचं, मनात एक-दोन मोजायचं आणि तिसऱ्या मोजणीला ढोल आणि ट्रंपेटने एकदम उठायचं, असं ठरलेलं. त्या दिवशी ते एकदम उठले नाहीत. चषक दुसऱ्याच कारखान्याने नेला. "तू लवकर आलास," दणक्या म्हणाला. "तू उशिरा पडलास," फुंक्या म्हणाला. तेवढ्यावर बोलणं बंद झालं, ते बावीस वर्षं बंदच होतं. रस्त्यात समोरासमोर आले की दोघंही एकदम रस्ता ओलांडत आणि पलीकडे पुन्हा समोरासमोर येत.

अशात त्या स्पर्धेच्या निवेदकाच्या सुनेने माळा साफ केला, त्यात मार्चची कॅसेट निघाली. ती फिरत फिरत सासऱ्यांकडे आली. आणि त्याच आठवड्यात कळलं की फुंक्या आपलं घर आवरून लेकीकडे, दूरच्या गावी, कायमचा चाललाय. सासऱ्यांनी निरोप धाडला: "जायच्या आधी ऐकून जा. कोण चुकलं ते एकदाचं कळू दे." उलट निरोप आला: "रविवारी चार वाजता येतो. माफीची तयारी ठेव."

कॅसेट वाजवणारं यंत्र साऱ्या घरात एकच उरलं होतं, ते या जुन्या गाडीत. आणि गाडीच्या दारातले स्पीकर तीन वर्षांपूर्वी बसवले होते कोणी? जावयानेच.

"आज बुधवार," सासरे दार आपटून उतरले. "रविवारपर्यंत ढोल आणा. नाहीतर माझ्याच घरी, माझ्याच गाडीत, त्याचं एकट्याचं ट्रंपेट ऐकायची पाळी माझ्यावर आणाल."

रात्रीच्या जेवणाला बायको नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "अहो, त्यांना जिंकायचंबिंकायचं काही नाहीये. ते कधीचे त्या काकांची वाट बघतायत. पण वाट बघतोय असं म्हणायचं कसं, म्हणून हा ढोल."

दुसऱ्या दिवशी जावई डेकवाल्याच्या दुकानात गेला. डेकवाला तोंडात स्क्रू धरून कोणाच्या तरी गाडीत अर्धा शिरला होता. तिथूनच त्याने ज्ञान दिलं.

"गाडीचं दार म्हणजे काय? चाळण. स्पीकर पुढे जेवढा आवाज टाकतो तेवढाच मागेही टाकतो. मागचा आवाज भोकांतून पुढे येतो आणि पुढच्याला खाऊन टाकतो. मग बेस, म्हणजे तुमचा ढोल, राहील कुठून? भोकं बुजवा. पत्र्याला जाड शीट चिकटवा. स्पीकरभोवती फोमची कडी घाला. दार जितकं घट्ट, तितका बेस."

भोकं. हा शब्द कानावर पडला आणि जावयाच्या चेहऱ्यावर उजेड आला. इतका वेळ आवाज, बेस, ढोल असल्या परक्या मुलखात तो वाट चुकून फिरत होता, आणि आता समोर एकदम आपल्या गावची पाटी दिसली. भोकं तर त्याचा जन्माचा धंदा. तो शीट आणि फोम घेऊन उठलाच.

"अहो, पण त्याआधी वायरींचं जरा बघा..." डेकवाला गाडीतून बाहेर येईस्तोवर जावयाची स्कूटर कोपऱ्यावर वळली होती.

संध्याकाळी त्याने दोन्ही दारांची आतली पाटी, पत्र्यावरचं प्लास्टिकचं झाकण, काढली. आत पाहिलं तर काय, मोठी भोकं, धाकटी भोकं, गोल भोकं, लांबोळी भोकं, नांदतं गोकुळच. त्याने बाह्या सारल्या. मोठ्यांना शीट लावली, धाकट्यांना पाइपाच्या गळतीची पुट्टी लावली, जिथे बोट जाईना तिथे पांढरी टेप कोंबली. मायेने न्हाऊमाखू घालावं तसं त्याने दाराचं अंग अन् अंग बुजवलं. शेवटी दाराच्या अगदी तळाशी, कडेला, त्याला बोटाएवढ्या तीन फटी सापडल्या.

बायको बॅटरी धरून उभी होती. "या कशाला ठेवल्या असतील हो, एवढ्या खाली?"

"आळस," जावई म्हणाला.

"पण दुसऱ्या दारालाही तश्शाच आहेत."

"मग तिथेही आळस."

त्याने सहाही फटींत पुट्टी भरली आणि अंगठ्याने अशी गुळगुळीत केली की आरशासारखा चेहरा दिसावा.

शुक्रवारी सासरे गाडीत बसले. कॅसेट वाजली. "ढोल कुठाय?"

"पुट्टी ओली आहे, बाबा. चोवीस तास मागते."

"मी बावीस वर्षं थांबलोय. घेऊ दे तिला चोवीस तास."

शनिवारी सासऱ्यांनी गाडी धुवायला काढली. एरवी ते गाडीवर नुसतं फडकं झटकत. पण उद्या येणारा काही साधासुधा पाहुणा नव्हता, जन्माचा वैरी होता. त्याला चकचकीतच दाखवायला हवी. त्यांनी नळाला पाइप लावला आणि काचेच्या रबरापाशी धार धरून तासभर गाडी न्हाऊ घातली. अशा वेळी थोडं पाणी काचेच्या कडेने दारात उतरतंच, सगळ्याच गाड्यांत उतरतं, आणि तळाच्या तीन फटींतून मुकाट्याने निघून जातं. याच कामासाठी त्या फटींना कोणीतरी नोकरीवर ठेवलेलं असतं. या गाडीत मात्र पाणी खाली गेलं, तिथे बुजवलेलं पाहिलं, आणि तिथेच बिऱ्हाड केलं.

रविवारी सकाळी जावई सासऱ्यांना घेऊन चाचणीला निघाला. गल्लीच्या तोंडाशी त्याने ब्रेक मारला.

डुबुक.

सासऱ्यांनी मान वळवली. "काय हो ते?"

"पेट्रोल असेल."

"पेट्रोल दारात?"

गाडी डावीकडे वळली, तसं उजव्या दारात काहीतरी खळ्ळकन लोटलं आणि थोड्या वेळाने आळोखेपिळोखे देत परत आलं. जावयाने घाईने काच खाली केली. काचेने बुडी मारली. वर केली तर ती आंघोळ करून आली. मग त्याने विषय बदलायला म्हणून कॅसेट लावली, आणि विषय मुळीच बदलला नाही. सगळा बँड गळ्याइतक्या पाण्यात उतरून वाजवत होता. क्लॅरिनेटमधून बुडबुडे येत होते, झांजा भिजलेल्या पापडासारख्या मऊ पडल्या होत्या.

सासरे शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "आधी माझा ढोल नुसता हरवला होता. तुम्ही तो बुडवला."

घरी येताच बायकोने दाराला कान लावला. "गळतंय का कुठून?"

"एक थेंब नाही," जावई म्हणाला. गिऱ्हाइकाला सांगावं त्याच ठसक्यात बोलून गेला, आणि मग त्याचा चेहरा उतरला. वीस वर्षांत इतकं पक्कं काम त्याच्या हातून झालं नव्हतं, आणि ते आता त्यालाच फोडायचं होतं.

स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी घेऊन तो दाराखाली उताणा झाला. पहिली फट उघडली तेव्हा तिने सगळं पाणी त्याच्या शर्टाच्या बाहीत सोडलं. दुसरीने कानात. पाच फटी सुटल्या. सहावी, ड्रायव्हरच्या दाराची, काही केल्या दाद देईना, आणि शीटच्या घडीत अडकलेलं बादलीभर पाणी तिच्या पाठीशी दडून राहिलं. घड्याळात अडीच वाजले होते. तिला त्याने तशीच सोडली.

स्पीकर बाहेर काढून बायकोने त्यांना हेअर ड्रायरने वाळवलं, तेही आलटून पालटून, म्हणजे कोणी रुसायला नको. मग ते परत बसवायची वेळ आली.

"लाल वायर कुठली कुठे?" तिने विचारलं.

"लाल डावीकडे."

"कशावरून?"

जावयाला या प्रश्नाचं नवल वाटलं. "अगं, गरम डावीकडे, गार उजवीकडे. साऱ्या जगात नळ असेच असतात. लाल म्हणजे गरम."

तीन वर्षांपूर्वी त्याने याच नियमाने दोन्ही स्पीकर जोडले होते. नियमात काही खोट नव्हती. पण दोन दारं एकमेकांकडे तोंड करून उभी असतात, आरशात बघितल्यासारखी. एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं. त्यामुळे तीन वर्षं एक स्पीकर पुढे झेपावला की दुसरा मागे सरत होता, आणि दोघं मिळून ढोल गिळत होते. कोणाच्या पोटात काय आहे हे दोघांपैकी एकानेही बाहेर कळू दिलं नव्हतं.

"पण या ड्रायव्हरच्या दारात अधिकचं चिन्ह उजवीकडे आहे," बायको म्हणाली. "इथे बघा, कोरलंय."

"नसतं तसं. लाल डावीकडे," म्हणत तो हात धुवायला गेला. ती नवऱ्याचं ऐकायची, पण कोरलेल्या अक्षराचं जास्त ऐकायची. तिने लाल वायर चिन्हावर लावली आणि वरची पाटी दाबून बसवली.

जावई परत आला, काचा लावून आत बसला, ती शेजारी बसली. त्याने कॅसेट सुरू केली.

आणि सीटखालची जमीन बोलायला लागली.

आधी त्याला वाटलं, आपल्याच छातीत होतंय. मग कळलं की हाच तो. धम्म, धम्म. घरातलं मोठं माणूस पहाटे उठून सावकाश पावलं टाकत अंगणात जावं, आणि अंथरुणात पडल्या पडल्या आपल्याला ती पावलं ऐकू यावीत, आणि सगळं ठीक आहे असं वाटावं, तसा तो ढोल चालत आला. झांजा त्याच्या बोटाला धरून चालत होत्या, क्लॅरिनेट कडेवर बसली होती.

"हे बाबा," बायको हळूच म्हणाली. लहानपणी ती बँड बघायला जायची, तेव्हा ढोलाआडून बाबांचे नुसते बूट दिसायचे.

मार्च शेवटाला आला. बँड थांबला. एक. दोन. ट्रंपेट झळकलं. आणि मग, गाडी सुटल्यावर फलाटावर कोणी ट्रंक घेऊन धावत यावं तसा... धम्म.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जावयाने कॅसेट मागे घेतली. एक, दोन, ट्रंपेट. धम्म. तिसऱ्यांदा लावली. तिसऱ्यांदाही ट्रंकवाला धावतच आला.

"अर्धी मोजणी मागे," जावई म्हणाला.

"पाऊण," लेक म्हणाली. वडिलांच्या बाबतीत ती काटेकोर होती.

साडेतीन वाजले होते. आत न्हाणीघरात सासरे दाढी करत होते. बादली सरकल्याचा आवाज आला, मग सगळं शांत झालं. जावयाने कॅसेट बंद केली. चार दिवस तो ज्या ढोलाच्या मागे रानोमाळ फिरला, तो एकदाचा हाती लागला होता, आणि हाती लागला तो नेमका सासऱ्यांवर उलटला होता. अर्ध्या तासात फुंक्या इथे बसणार, हे ऐकणार, मान डोलावून उठणार, आणि उद्या गावाला जाणार. मागे सासरे राहणार, त्या पाऊण मोजणीसह.

"आता?" दार उघडून एक पाय बाहेर टाकत त्याने विचारलं.

बायकोने पदराच्या टोकाने डॅशबोर्डवरची धूळ पुसली. तिथे धूळ नव्हती.

"तुमचा नियम काय होता हो?"

"लाल डावीकडे."

"साऱ्या जगात तसंच असतं ना?"

"तसंच असतं."

"मग लावा की. माझं काय ऐकता."

त्याने पाटी उघडली आणि लाल वायर डावीकडे लावली. ढोल पुन्हा गेला तो गेलाच.

बरोबर चार वाजता फुंक्या आला. अंगाने काडी, पण विचार करताना अजून गाल फुगायचे. सासरे पायरी उतरून आले. एका गालावर कापसाचा बोळा चिकटवलेला, आणि दुसऱ्या गालाची दाढी तशीच राहिलेली. दोघं एकदम गाडीच्या एकाच दाराशी गेले, दोघं एकदम थांबले, आणि दोघं एकदम दुसऱ्या दाराकडे निघाले. शेवटी लेकीने दोघांना दंडाला धरून पुढच्या दोन सीटांवर बसवलं, बाबांना ड्रायव्हरच्या जागी. ती आणि नवरा मागे बसले.

"गाडी स्वच्छ आहे," फुंक्या म्हणाला.

"ढोल नाही त्यात," सासरे म्हणाले, आणि त्यांनी कॅसेट लावली.

मार्च झाला. क्लॅरिनेट, झांजा, ट्रंपेट. मागच्या सीटवर जावयाने श्वास धरून ठेवला. आता सासरे वळणार, आता नळाचा उद्धार होणार, होऊ दे. बँड थांबला. एक. दोन. ट्रंपेट. पुढे काही नाही.

"ढोल कुठाय?" फुंक्याने विचारलं.

सासरे समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. "नंतर आहे. पाऊण मोजणी मागे."

"तुला काय माहीत? इथे तर काही ऐकू येत नाही."

"मघाशी दाढी करत होतो. फळीवरचा ग्लास थरथरायला लागला. बंद गाडीतून ट्रंपेट येत नाही भिंतीपलीकडे, झांज येत नाही. ढोलच येतो. माझाच हात, न ओळखायला काय झालं? मग मोजत बसलो." त्यांनी कापसाच्या बोळ्याला हात लावला. "तीनदा वाजला. तिन्हीदा उशिरा. पहिल्यांदा कापलं."

दारात कुठेतरी उरलेलं पाणी हळूच हललं.

फुंक्याचे गाल फुगले. "उशिरा नव्हतास तू."

"मी मोजलंय."

"मी फुंकलंय. माझाच दम पुरेना, म्हणून मी आधी घुसलो. त्याच रात्री कळलं होतं मला."

"उगाच माझी समजूत घालू नकोस. मी चुकलो."

"तू कसला चुकतोस? मी चुकलो. तीस वर्षांत पहिल्यांदा चुकलो तर तेही घेतोस का माझ्याकडून?"

"फुंक्या, माझ्या गाडीत बसून मला ढोल शिकवू नकोस."

"दणक्या, तुझ्या गाडीत ढोल आहेच कुठे?"

सासरे मागे वळले. जावई सीटमध्ये जितका घुसता येईल तितका घुसला.

"जावईबापू, ढोल लावा."

"बाबा, ते... वायर..."

"न्हाणीघराची खिडकी गाडीवरच उघडते. काच लावली तरी दार उघडं टाकून बोलता तुम्ही दोघं." ते लेकीकडे बघत नव्हते, लेक खिडकीबाहेर मन लावून काहीतरी पाहत होती. "आणि या वेळी चिन्ह बघून लावा. माझी लेक सांगते तसं."

जावई उतरला. ड्रायव्हरच्या दाराशी उकिडवं बसून त्याने पाटी काढली, लाल वायर उजवीकडे लावली आणि स्वतःशीच म्हणाला, जाऊ दे, एखादा नळ असतो असा. मग दार लावून तिथेच बाहेर उभा राहिला. कॅसेट मागे गेली, पुढे आली, आणि ढोल पुन्हा चालत आला. रस्त्यावरच्या दोघा-चौघांनी वळून पाहिलं. आत फुंक्याने डोळे मिटले आणि एक बोट वर धरलं, पूर्वी साऱ्या बँडसमोर धरायचा तसं.

बँड थांबला. एक. दोन.

सासऱ्यांनी उघड्या खिडकीतून हात बाहेर काढला आणि तळहात दाराच्या पत्र्यावर हाणला. ट्रंपेट आणि तो हात, केसाचंही अंतर नाही. त्यामागून कॅसेटमधला जुना ढोल आपली ट्रंक घेऊन धावत आला. आणि त्याच्याही मागून दाराच्या तळाशी काहीतरी टक्कन सुटलं, सहाव्या फटीतली पुट्टी गोळीसारखी उडाली, आणि उरलेलं बादलीभर पाणी जावयाच्या दोन्ही बुटांत उतरलं.

फुंक्याने खिडकीतून वाकून पाहिलं. "हा तर तुझ्याहून मागे आहे, दणक्या. तुझ्या घरात सगळेच उशिरा पडतात."

"जावईबापू," सासरे म्हणाले, "गळतंय."

"हो, बाबा," जावई म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा गळतीला हात न लावता तसाच उभा राहिला. आत फुंक्या कॅसेट पुन्हा मागे घेत होता.